सात नंबरची टाकी

"सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी," इथपर्यंत मी आले होते आणि फावड्याला काहीतरी टक्कन लागलं.

मी टाकीच्या आत होते. वाइन काढून घेतली की तळाशी द्राक्षांचा चोथा उरतो, तो बाहेर काढायला खालच्या झाकणातून अंग चोरून आत शिरावं लागतं. आंबलेल्या टाकीत वायू साठलेला असतो. तो दिसत नाही, पण दोन श्वासांत माणूस आडवा होतो. म्हणून बाहेरून पंखा लावायचा आणि आतल्याने सारखं बोलत राहायचं, हा आमच्या वायनरीचा नियम. आवाज थांबला की बाहेरच्याने पाय धरून ओढायचं. आत शिरल्यावर कुणी गाणी म्हणायचं, कुणी मुकादमाला शिव्या द्यायचं. मी पाढे म्हणायचे.

हाताने चाचपलं तर चोथ्यातून एक जोडवं वर आलं. चांदीचं, वर इवलासा मासा कोरलेला, पण पार काळंनिळं पडलेलं. त्याला चिकटून आणखी काहीतरी लिबलिबीत आलं. मी ते झाकणातून येणाऱ्या उजेडात धरलं. जखमेवर लावतात ती चिकटपट्टी होती. मधला कापसाचा चौकोन वाइन पिऊन जांभळा झाला होता.

"ताई?" बाहेरून भोयेमामांचा आवाज आला. "ताई, बोला की. सतरा सक?"

मला बोलवेना. ओकारीच्या आधी सुटते तशी तोंडात लाळ सुटली होती. त्या टाकीतली वाइन गेले पंचवीस दिवस मी सकाळ-संध्याकाळ तोंडात घोळवत होते.

मामांनी खरंच माझा पाय धरला आणि मला फरशीवर ओढून काढलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं होतील. दिंडोरीच्या अलीकडे आमचा दगडीमळा आहे. तिथे माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, खायच्या द्राक्षांचा बाग मोडून वाइनच्या द्राक्षांचा लावला आणि पुढे वायनरी बांधली. नानांना एकच वेड होतं. काही म्हणता काही वाया जाऊ द्यायचं नाही. द्राक्षांच्या काड्या चुलीला, बिया तेलाला, चोथा खताला. टाक्या धुतलेलं पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून केळीला. तण मारायचं औषध बागेत यायचं नाही, गवत खायला मेंढ्या होत्या. या सगळ्याला शाश्वत पद्धत म्हणतात हे नानांना पाहुण्यांनी सांगितलं. त्याआधी ते त्याला नुसतं 'नीट वागणं' म्हणायचे.

पुण्या-मुंबईचे पाहुणे नानांवर फिदा असायचे. बागेतून फिरवून झालं की नाना त्यांच्याच पंगतीला जेवायला बसायचे आणि जेवण झालं की ताटात पाणी ओतायचे. मग बोटाने ताटाच्या कडा निपटून घ्यायचे, आमटीचा ओघळ, भाताची शितं, लोणच्याचा तवंग, सगळं त्या पाण्यात कालवायचे आणि ते गढूळ पाणी घटाघटा पिऊन टाकायचे. बाया हात जोडायच्या. "किती छान संस्कार," म्हणायच्या. मला लहानपणापासून त्याची शिसारी यायची. नानांनी तांब्याला हात घातला की मी माझं ताट उचलून मोरीकडे पळायचे. मिशीला लटकलेलं शीत मी एकदा पाहिलं होतं, ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आणि हेच नाना वाइनच्या थेंबाला शिवायचे नाहीत. "करायची आपण, प्यायची लोकांनी," म्हणायचे. त्यामुळे टाकीत काय आहे, कसं आहे, त्याची चव काय, याच्याशी त्यांना कधी घेणंदेणं नव्हतं. टाकी भरलेली आहे की नाही एवढं ते बघायचे.

मी पुण्याला शिकले, ऑस्ट्रेलियात एक हंगाम राबून आले आणि पंचविसाव्या वर्षी घरी येऊन म्हणाले, सेलर, म्हणजे जिथे वाइन आंबवतो आणि साठवतो ती इमारत, मला सांभाळू द्या. नाना हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. ते म्हणाले, "एक टाकी घे. सात नंबर. तुझ्या मनाने कर, कुणी बोट लावणार नाही. जमली तर सेलरच्या किल्ल्या तुझ्या. नाही जमली तर मे महिन्यात लासलगावचं स्थळ आहेच."

लासलगावचं स्थळ म्हणजे कांद्याचे व्यापारी. मुलगा काही वाईट नव्हता. बघायला आला तेव्हा त्याने मला एवढंच विचारलं की, "तुमच्या अंगाला तो वास कायम येतो का?" मला त्याच्या घरात जन्म काढायचा नव्हता. मला सात नंबर हवी होती.

मी विहिरीजवळच्या तुकड्यातली शिराझ जातीची काळी द्राक्षं निवडली. टिकायला सल्फर घालायचं नाही, विकतचं यीस्ट घालायचं नाही, द्राक्षाच्या सालीवर जे आपलं आपण असतं त्याच्यावरच आंबू द्यायचं, असं ठरवलं. आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला गारा पडल्या. निम्मा माल जमिनीवर आला. टाकी अर्धीच भरली. अर्ध्या टाकीत वर हवा राहते आणि हवा राहिली की वाइनचा आंबट शिरका होतो. मी नानांच्या मागे भुणभुण लावली. "नाना, टाकी भरायलाच पाहिजे. काहीही करा, कुठूनही आणा, पण भरा."

त्याच रविवारी आमचा द्राक्ष तुडवायचा सोहळा होता. अंगणात सहा लाकडी टब मांडायचे, त्यात घड टाकायचे आणि पाहुण्यांनी पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यात नाचायचं. चारशे माणसं आली होती. त्या दिवशी मी काय काय पाय पाहिले म्हणून सांगू. नखं वाढलेले, नखांचा रंग उडालेले, बुटांतून काढल्या काढल्या वाफाळणारे, बोटांच्या बेचक्यांत मोज्यांची लव अडकलेले. एक गृहस्थ टबात उभ्या उभ्या पिंडरी खाजवत होते. टबाशेजारी पाण्याची नळी ठेवलेली होती, पण नाचायची घाई असलेला माणूस पाय कसला धुतो. माझं काम माइकवरून दर अर्ध्या तासाने सांगायचं होतं, की मंडळी, हा रस वाइनला वापरत नाहीत, तो खताच्या खड्ड्यात जातो, इथे काही वाया जात नाही. टाळ्या पडायच्या.

एक बाई मात्र टबापाशी नुसत्याच उभ्या होत्या. साठीच्या, पुण्याच्या, कारखानीस आडनावाच्या. साडी जराशी उचलून त्यांनी मला आपली टाच दाखवली. भेगाच भेगा, आणि एका भेगेवर चिकटपट्टी.

"मी कशी उतरू गं?" त्या म्हणाल्या. "माझ्या या टाचा घोळवलेला रस उद्या कुणीतरी पिणार."

"काकू, कुणी पीत नाही. खतात जातो. तुम्ही बिनधास्त उतरा," मी म्हणाले आणि माझ्या हाताने त्यांना टबात उतरवलं. मग त्या अशा नाचल्या की त्यांच्या बरोबरच्या बाया बघत राहिल्या.

सोमवारी मी रसाचे नमुने तपासायला नाशिकला गेले. परत आले तर सात नंबर गळ्यापर्यंत भरलेली.

"वरच्या तुकड्यातला माल मिळाला," नाना म्हणाले.

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडले. वरच्या तुकड्यात गारा पडल्या नव्हत्या का, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. माणसाला हवं ते मिळालं की तो कुठे खोलात जातो.

मंगळवारी कारखानीस काकूंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंनी लग्नात घातलेलं जोडवं टबात पडलं होतं. "एका पायात आहे, एका पायात नाही. चालताना सारखं जाणवतं गं," त्या म्हणाल्या. मी आणि भोयेमामा दोन तास खताचा खड्डा चाळत बसलो. मामा सुरगाण्याकडचे, वायनरीच्या पायाचा दगड बसला तेव्हापासून आमच्याकडे. उकिडवे बसून मूठमूठ चोथा ते चाळणीत घेत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. शेवटी मी काकूंना फोन करून सांगितलं की, नाही सापडलं.

मामांची आणखी एक गोष्ट. प्रत्येक टाकीतून रोज घोटभर वाइन चाखायची त्यांची सवय. त्यांची जीभ माझ्या शिक्षणापेक्षा खरी आहे हे मी उघड कबूल करायचे. पण सात नंबरचा पेला पुढे केला की, "आज चतुर्थी हाये," नाहीतर "आज दात ठणकतोय." मला वाटायचं, ताईची टाकी म्हणून मान देतायत.

मी मात्र रोज चाखत होते. पेला फिरवायचा, नाक घालायचं, घोट तोंडभर घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि वहीत लिहायचं. ती वही माझ्याकडे अजून आहे. टाकी भरल्यानंतरच्या पहिल्या दिवशी मी लिहिलंय, 'वास एकदम खोल झाला. ओली माती, थोडं चामडं. जिभेच्या कडेला बारीक मीठ. फार आवडलं.' 'फार' खाली दोन रेघा मारल्या आहेत.

तर मी फरशीवर बसले होते, तळहातावर जोडवं आणि पट्टी.

"मामा, हे माझ्या टाकीत कुठून आलं?"

मामांनी वाकून पाहिलं. पंखा बंद केला. "म्हंजी इथंच व्हतं," ते म्हणाले.

"काय इथंच होतं?"

"नाना म्हणले, टबातला रस सात नंबरला ओता. आम्ही ओतला. सोमवारी, तुम्ही नाशकाला गेल्यावर."

"सगळा?"

"सगळा. आठ ड्रम."

"निदान गाळायचा तरी."

"मी म्हणलो गाळू का. नाना म्हणले, नको, साली वाया जातील."

"आणि तुम्ही माझ्याबरोबर दोन तास खत चाळत बसलात?"

मामांनी मान खाली घातली. "तुम्ही रोज खुशीत असायच्या, ताई. वहीत लिवायच्या. मला काय बोलावं कळंना."

"म्हणून तुमचा दात ठणकायचा."

मला त्यांचा इतका संताप आला की त्या घटकेला मी त्यांना कामावरून काढून टाकलं असतं. पण तेवढ्यात पोटातलं सगळं वर आलं आणि मी धावत जाऊन कर्दळीच्या वाफ्यात ओकले. पुन्हा पुन्हा ओकले. तेही गाळून केळीलाच गेलं असणार.

नाना जेवायला बसले होते. आई भाकरी वाढत होती. मी जोडवं आणि पट्टी त्यांच्या ताटाशेजारी पाटावर ठेवली.

नानांनी जोडवं उचललं, बोटाने पुसलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा. सापडलं का? त्या बाईंना फोन करायला पाहिजे."

"सात नंबरमध्ये सापडलं, नाना."

"हं."

"चारशे माणसांच्या पायांचं पाणी तुम्ही माझ्या टाकीत ओतलंत."

"पाणी नव्हतं, रस होता," नाना शांतपणे म्हणाले. "तूच म्हणालीस कुठूनही आणा. माल काय मी आभाळातून आणू? अर्धी टाकी ठेवली असती तर होती तीही गेली असती. हेही तूच सांगितलंस."

"मी द्राक्षं मागितली होती. मी काकूंना हात धरून उतरवलं, खतात जातो म्हणून सांगितलं. माइकवर सांगितलं."

"आंबताना त्यात रोगाचं काही जगत नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मीच शिकवलं होतं. फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं, आणि ते खरंही होतं. प्रयोगशाळेत पाठवली असती तर सात नंबर स्वच्छ म्हणूनच परत आली असती.

"घाण आहे ती, नाना. तुम्हाला किळस नाही येत?"

"कशाची? पायांची?" त्यांनी तांब्या उचलून ताटात पाणी ओतलं. "पूर्वी पायांनीच तुडवायचे. गारांनी पडलेला माल गेला तो गेला. आठ ड्रम चांगला गोड रस डोळ्यांदेखत मातीत ओतायचा? माझ्याच्याने नाही व्हायचं." मग बोटाने कडा निपटल्या, सगळं कालवलं आणि पिऊन टाकलं. त्या वेळी मी तोंड फिरवलं नाही. गळ्याची घाटी खालीवर होताना बघत उभी राहिले आणि मला माझ्या बापाची किळस आली. रक्ताच्या माणसाची अशी किळस येणं फार वाईट असतं.

मी तिथून तडक सेलरमध्ये गेले. सात नंबरची वाइन सकाळीच आम्ही शेजारच्या टाकीत घेतली होती. मी त्या टाकीची तोटी उघडली. जांभळी धार फरशीवर पडली आणि नालीतून कर्दळीकडे वाहायला लागली. नाना माझ्या मागोमाग आले होते. मिशा अजून ओल्या होत्या. मला वाटलं ओरडतील, हात धरतील. त्यांनी काहीच केलं नाही.

"जाऊ दे," ते म्हणाले. "केळीला कुणाच्या पायाचं वावडं नाही. मी तेवढा लासलगावला फोन करून ठेवतो."

आवाजात राग नव्हता, धमकी नव्हती. दिलेला शब्द पाळणारा माणूस बोलतो तसे ते बोलले, आणि ते शब्द पाळतील याची मला खात्री होती. मी तोटीवर हात ठेवून उभी राहिले. वाइन वाहत होती आणि तिचा वास वर येत होता. ओली माती, थोडं चामडं. तो वास आता कशाचा आहे हे मला ठाऊक होतं. आणि तरीही तो चांगला होता, देवाशपथ सांगते, आमच्या सेलरमध्ये तसा वास त्याआधी कधी आला नव्हता. मला मे महिना दिसत होता. कांद्याची चाळ दिसत होती.

मी तोटी बंद केली.

"दहा-बारा लिटर गेली," नाना नालीकडे बघत म्हणाले. तेवढंच काय ते त्यांना वाईट वाटलं.

आता सेलर माझं आहे. नाना जाऊन सहा वर्षं झाली. सोहळा दरवर्षी होतो, आणि टबांतला सगळा रस मी स्वतः उभी राहून खड्ड्यात ओतवते, शेवटचा थेंब पडेपर्यंत हलत नाही. पाहुण्यांना वाटतं, काय शिस्त आहे. पण मी सांगायला बसले ते हे नाही. मला त्यानंतरचा रविवार सांगायचा आहे.

जोडवं सापडलं त्याच दुपारी नानांनी कारखानीस काकूंना फोन केला. सापडलेली वस्तू ज्याची त्याला गेलीच पाहिजे, ही त्यांची तऱ्हा. चिंचेने घासून घासून त्यांनी ते जोडवं लख्ख केलं. रविवारी सकाळी काकू एकट्याच गाडी घेऊन आल्या. नानांनी त्यांना सेलरबाहेरच्या चाखायच्या खोलीत बसवलं, विड्याच्या पानावर जोडवं ठेवून पुढे केलं आणि म्हणाले, "खतात निघालं बघा. आमच्याकडे काही हरवत नाही."

काकूंचे डोळे भरून आले. "मी आशाच सोडली होती हो. इतकं सगळं खत चाळलंत?"

"सारिकाने चाळलं," नाना म्हणाले. "दोन तास."

ते खरंच होतं, म्हणून मला आणखीच कसंतरी झालं. भोयेमामा सेलरच्या दारात उभे होते. टेबलावर नानांच्या हाताशी किल्ल्यांचा जुडगा होता. तो त्यांनी मुद्दामच तिथे ठेवला होता.

काकूंना वाकता येईना. गुडघे दुखतात म्हणाल्या. मग मी त्यांच्यापुढे खाली बसले, पाय हातात घेतला आणि जोडवं चढवलं. टाचेच्या भेगा माझ्या तळहाताला खरखरीत लागल्या. भेगेवर नवी पट्टी होती. त्या माऊलीने माझ्या डोक्यावर हात ठेवून, "सुखी राहा बाळ," असा आशीर्वाद दिला.

"आता आमच्या सारिकाची पहिली वाइन चाखून जा," नाना म्हणाले. "अजून बाटलीत भरायची आहे, पण तुमचा मान पहिला."

मी उठून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. आलेल्या माणसाला घरचं काहीतरी चाखायला द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मी पेला भरून आणला. काकू अजून जोडव्याकडे बघत होत्या.

त्यांनी पेला हातात घेतला आणि हसल्या. "त्या दिवशीचा रस नाही ना गं यात?"

थट्टाच होती ती. नाना खिडकीतून केळीकडे बघायला लागले. मामा माझ्याकडे बघत होते. मी एक शब्द बोलले असते तर सगळं तिथेच संपलं असतं, सोहळा, वायनरीचं नाव, किल्ल्या, आणि निदान ती बाई तरी न पिता उठून गेली असती.

"नाही काकू," मी म्हणाले. "तो खतात जातो."

काकूंनी घोट घेतला. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी तो नीट तोंडात घोळवला, सोहळ्यात शिकवलं होतं तसा, आणि गिळला. मग दुसरा घेतला.

"वा गं," त्या म्हणाल्या. "मला यातलं कळत नाही, पण छान आहे. चव ओळखीची वाटते बघ काहीतरी."

"आमच्या मातीची आहे ती," नाना म्हणाले.

अर्धा पेला पिऊन त्यांनी टेबलावर ठेवला. साखरेचा त्रास आहे, एवढंच पुरे म्हणाल्या. पुन्हा मला जवळ घेतलं, दोन्ही पाय पुढे करून दोन्ही जोडव्यांकडे बघितलं आणि गेल्या. गाडीचा आवाज बागेच्या वळणापलीकडे गेला.

मग नानांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

"शब्द दिला होता," ते म्हणाले. मग त्यांची नजर पेल्यावर गेली. "अर्धा आहे तो. टाकू नकोस."

पेल्याच्या काठावर काकूंच्या ओठांचा ओलसर ठसा होता. थुंकायची बादली माझ्या पायाशीच होती. चाखणाऱ्या माणसाने थुंकलं तर कुणी काही म्हणत नाही, तो आमचा धंदाच आहे. मी पेला उचलला. दुसऱ्याची उष्टी, दुसऱ्याच्या पायांची, मी तोंड लावून सगळी प्याले आणि गिळली. तिथल्या तिथे मला मरण यावं असं वाटलं. आणि सांगायची लाज वाटते, पण चांगली होती.

तळाशी थोडा गाळ राहिला होता. मला कुणी सांगितलं नाही, नानांनीही नाही. मीच तांब्या घेतला, पेल्यात घोटभर पाणी ओतलं, काठापर्यंत खळखळलं आणि तेही पिऊन टाकलं.

नानांनी समाधानाने मान हलवली.

"ताई," दारातून मामा हळूच म्हणाले. "ताई, बोला की."

मी किल्ल्या उचलल्या आणि सेलरला कुलूप लावायला गेले.